मधल्या भागातली पावलं

बाबांच्या वाढदिवसाला आमच्या घरी केक शेवटी कापतात. आधी 'परतफेरी' बघावा लागतो. ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही ते सुखी आहेत, पण पुढचं कळायचं तर त्यांनाही थोडं सोसावं लागेल, म्हणून सांगते.

एक कप्तान यान घेऊन एकटाच निघतो. फार लांब एक अवकाशतळ आहे. तिथल्या राखणदाराचा बरेच दिवस निरोप नाही, त्याला परत आणायचं आहे. पहिल्या भागात प्रवास. मधल्या भागात कप्तान तळावर उतरतो आणि रिकाम्या बोगद्यांतून चालत राहतो. संवाद नाही, संगीत नाही. कप्तान पाठमोरा, आणि लोखंडी जाळीवर त्याच्या बुटांचा आवाज. हे इतका वेळ चालतं की पहिल्या खेळाला लोक उठून गेले होते म्हणे. राखणदार सापडला की नाही, तेही दाखवलेलं नाही. शेवटच्या भागात कप्तान एकदम आपल्या गावात. घराचा बाहेरचा लोखंडी जिना चढतो, दारावर टकटक करतो, आणि दार उघडायच्या आत सिनेमा संपतो.

अर्ध्या लोकांनी याला डोक्यावर घेतलं, अर्ध्यांनी नाव काढलं तरी तोंड वाकडं केलं. मधलं कुणीच नाही. दिग्दर्शकाला विचारावं तर तो शेवटपर्यंत ताकास तूर लागू न देता गेला. एका मुलाखतीत म्हणाला, सगळं मुद्दाम आहे. दुसऱ्या मुलाखतीत म्हणाला, काहीच मुद्दाम नसतं.

भांडणाचं मूळ पावलांत आहे. पहिल्या भागात यानात चालताना कप्तानाचं पाऊल हलकं, चटपटीत. बोगद्यात ते जड होतं. थोडंथोडकं नाही, कुणालाही कळेल इतकं जड. शेवटी जिन्यावर पुन्हा हलकं. कपडे तेच, बूट तेच, माणूस तोच. यावरून तीन पंथ निघाले. 'प्रतवाले' म्हणतात, तळावर उतरला तो कप्तान नव्हेच, त्याची कुणीतरी काढलेली प्रत आहे. 'ओझेवाले' म्हणतात, कप्तान तोच, पण त्याने आपल्याला न दिसणारं काहीतरी उचललेलं आहे. आणि 'चूकवाले' म्हणतात, बाबांनो, आवाज घेताना घोळ झाला, सुतावरून स्वर्ग गाठू नका, घरी जा.

मी जन्मजात चूकवाली. बाबा कट्टर ओझेवाले.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर लोकांना "आता बरं दिसतंय की आधीचं?" असं विचारत आले, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघायचा त्यांना कंटाळा नाही. दर वाढदिवसाला बोगदा संपला की ते सिनेमा थांबवतात, उभे राहतात आणि भाषण करतात. प्रश्न दर वर्षी तोच. बोगद्यात ओझं होतं, जिन्यावर नाही, मग मधल्या मध्ये ते ठेवलं कुठे? उत्तर दर वर्षी नवं. एके वर्षी तळावरच्या काचेच्या बागेत ठेवलं. एके वर्षी दुसऱ्या यानातून पुढे पाठवलं, म्हणजे अजून प्रवासात आहे. जागा बदलते, पण ती नेहमी उबदार असते, तिथे हवा असते आणि ठेवलेल्याचं बरं चाललेलं असतं. मग ते सिनेमा पुन्हा सुरू करतात, पण बोलणं थांबवत नाहीत. शेवटचा भाग आमच्या घरात कधी कुणी धड ऐकलेला नाही.

"मेलं असं कुठे दाखवलंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर माझा नवरा "दाखवलंय तरी काय?" असं म्हणतो, हेही ठरलेलं.

आई बोगद्याच्या वेळी नसते. ती केक कापायची सुरी शोधायला स्वयंपाकघरात जाते. सुरी वर्षानुवर्षं एकाच खणात आहे.

आता गंमत अशी की ती पावलं आईचीच आहेत. सिनेमात दिसतो नट, पण त्याच्या चालण्याचा, कपड्यांचा, कप खाली ठेवण्याचा आवाज नंतर स्टुडिओत वेगळा काढतात. आई ते काम करायची. स्टुडिओच्या जमिनीत उथळ चौकटी असतात, कशात वाळू, कशात खडी, कशात फळ्या, कशात लोखंडी जाळी. पडद्याकडे बघत त्यात जागच्या जागी चालायचं, नटाच्या पावलाला पाऊल जुळवून. आई शिपाई झाली, चोर झाली, म्हातारा न्यायाधीश झाली. तिचं बुटांचं एक मोठं कपाट आहे आणि त्यातले निम्मे बूट पुरुषांचे आहेत. जिन्यावर कोण आलंय हे ती दार न उघडता सांगते, आणि तो माणूस आज कुणाशी भांडून आलाय का तेही सांगते.

साहजिकच लहानपणी मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला चालायला सांगितलं, मी चालले." बाबा तर तिला कधीच विचारत नसत. त्यांचं म्हणणं, ज्याने स्वयंपाक केला त्याला चव विचारू नये. माझं मत ठरलेलं होतं. आईच्या चालण्यात चूक होणं शक्य नाही, तेव्हा माइक हलला असणार.

मी जुन्या सिनेमांचे आवाज साफ करते. खरखर काढायची, तुटलेलं जोडायचं, मागची यंत्रांची गुणगुण घालवायची. आईने आवाज घालण्यात जन्म काढला, मी काढण्यात काढतेय. 'परतफेरी' नव्याने चित्रपटगृहात आणायचं ठरलं आणि तो साफसफाईला आमच्याकडे आला, तेव्हा मला मनातून उकळ्या फुटल्या. घोडं कुठे पेंड खातंय ते आता एकदाचं कळणार होतं.

सिनेमाचे हक्क निर्मात्याच्या पुतण्याकडे होते. माणूस नेटका, हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सतत उघडबंद करणारा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, मधल्या भागातली पावलं तेवढी बदलून टाका. पहिल्या भागासारखी करा. काकांच्या डोक्याला त्या पावलांनी फार ताप दिला होता."

"चूकच आहे ती," मी म्हणाले. "आनंदाने बदलते."

मूळचाच माणूस हयात असताना दुसऱ्याला कशाला चालायला लावा, म्हणून मी आईकडे गेले.

"गुडघे नाहीत आता," आई म्हणाली.

"थोडंसंच चालायचंय. बसून बसून घेऊ."

"नाही म्हटलं ना."

"बरं, ते बूट तरी दे. कप्तानाचे."

"नाहीत."

आईकडे नसलेले बूट ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. तिने कपाटाचं दार लावलं आणि माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी सुरू केली. वय झालं की माणूस हट्टी होतं, असं मनाशी म्हणत मी परत आले.

मग मीच चालले. चालणं मला आईनेच शिकवलेलं आहे, चरितार्थ चालेल इतकं नाही, पण अडल्या वेळी पुरेल इतकं. जड तळव्याचे बूट मिळवले, मोठे होत होते म्हणून आत मोजे कोंबले, आणि जाळीवर उभी राहून कप्तानाच्या पाठीकडे बघत चालत राहिले. काम झक्क झालं. पाऊल चटपटीत, पहिल्या भागाला अगदी लागून. पुतण्याला दोन दिवसांनी ऐकायला बोलावलं.

आता फक्त जुन्या पावलांच्या मागची गुणगुण काढायची राहिली होती. खरं तर टाकायच्याच आवाजाची सफाई कशाला? पण हा आमचा धंद्यातला रोग आहे. मी जुना आवाज एकटाच लावला आणि गुणगुण उतरवत गेले. पावलं स्वच्छ झाली, आणि पावलांच्या मध्ये मला आणखी एक आवाज ऐकू आला. कापडावरून तळहात फिरल्याचा. एकदा, मग पुष्कळ पावलांनी पुन्हा, मग पुन्हा.

मी पडद्यावर बघितलं. कप्तानाचे दोन्ही हात खाली सरळ आहेत. तो कशावरूनही हात फिरवत नाही. आणि आई गरज नसलेला आवाज कधी काढत नाही, श्वाससुद्धा ती पावलाच्या आड घ्यायची. माइक हलून कापडाचा आवाज येत नसतो. माझं शास्त्र तिथेच लंगडं पडलं.

मी पुन्हा बूट चढवले. या वेळी जुनी पावलं कानाला लावली आणि आई कशी चालली असेल तशी चालायला गेले. टाच आधी टेकत होती, आणि नेहमीपेक्षा पूर्ण. दोन पावलांतलं अंतर कमी, पाय एकमेकांपासून लांब. तसं चालायचं तर पाठ मागे टाकावी लागते. मी टाकली. वळणावर पाऊल जरा थांबतं, तिथे मीही थांबले, आणि माझा हात आपसूक पोटावर गेला.

ही चाल मला नवी नव्हती. मुलीच्या वेळी मी कितीतरी दिवस याच चालीने या स्टुडिओत येत होते. शरीर विसरत नाही.

आता आईबाबांना मी एकटीच. आणि 'परतफेरी' माझ्या कितीतरी आधीचा, बाबांनी दुकानही घातलं नव्हतं तेव्हाचा. मी जाळीवर उभी राहून हे दोन्ही एकत्र ठेवून बघितलं. मग बूट काढले आणि भर दुपारी आईकडे गेले.

आई कपाट उघडून एका बुटाला ब्रश मारत बसली होती. बाबा दुकानात गेले होते. दुकान विकलंय, पण नवा मालक त्यांना बसू देतो.

"आई, बोगद्यात चाललीस तेव्हा तुला कितवा महिना होता?"

तिने बूट खाली ठेवला नाही. ब्रश मात्र थांबला.

"सातवा लागला होता," ती म्हणाली. "कशावरून ओळखलंस?"

"टाचेवरून. आणि तू पोटावरून हात फिरवलास."

"तो आलाय होय?" तिचा चेहरा धंद्यातली चूक सापडल्यासारखा झाला. "मी त्या रेकॉर्डिंगवाल्याला म्हटलं होतं, माइक इतका खाली नको."

मी तिच्या शेजारी खाली बसले. तिने पुन्हा ब्रश मारायला सुरुवात केली आणि मारता मारता सांगितलं. सिनेमाचं काम थांबत थांबत वर्षभर चाललं होतं. पहिला भाग झाला तेव्हा काही नव्हतं. मधला भाग आला तेव्हा पोट चांगलंच वाढलं होतं, पण काम सोडवत नव्हतं, आणि तिचं चालणं वेगळं ऐकू येतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बोगद्याचं काम सलग झालं. मग काम पुन्हा थांबलं.

"मुलगी होती," आई म्हणाली. "झाली तेव्हाच नव्हती. मी आणि ती नर्स, दोघी रडणं ऐकू यायची वाट बघत राहिलो. माझे कान तयार होते. काही आलं नाही."

"मग?"

"मग काय. घरी आले. बरेच दिवस पडून होते. मग स्टुडिओतून निरोप आला, जिना राहिलाय म्हणून. गेले आणि चढले. दिग्दर्शकाने दोन्ही भाग शेजारी शेजारी लावून ऐकले तेव्हा त्याला कळलं. म्हणाला, बाई, मधलं परत करू या, हे जुळत नाही. मी म्हटलं, ती पावलं राहू द्या, मी दुसऱ्यांदा चालणार नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. पुढे काही विचारलं नाही. सिनेमा तसाच बाहेर सोडला."

म्हणजे ज्या माणसाने एवढ्या मुलाखतींतून सगळ्यांना तळ्यात-मळ्यात करायला लावलं, त्याने हे एवढंच झाकलं होतं. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

"आधी का नाही बोललीस? मी बदलायला निघाले होते."

"तुझं काम आहे ते. मी मध्ये पडले असते तर म्हणाली असतीस, आई कामात भावना आणते."

म्हणाले असते. ते तिला माहीत होतं.

"बदलू नकोस," आई म्हणाली. मग ब्रश खाली ठेवून, माझ्याकडे न बघता तिने तेच पुन्हा म्हटलं. "बाकी वाटेल ते कर, ते तेवढं ठेव. तिचा फोटो नाही. ती रडली नाही. पावलं माझी आहेत, पण त्यातलं वजन तिचं आहे. तिचं असं तेवढंच कुठेतरी आहे."

मी रडले. आई रडली नाही, तिने मला नाक पुसायला बुटाचं फडकं दिलं आणि मग ते पॉलिशचं आहे हे बघून परत घेतलं.

"बाबांना माहीत आहे?"

"मुलीचं माहीत आहे, म्हणजे काय. तिला घेऊन तेच गेले होते. कुठे ठेवलं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सिनेमातलं त्यांना माहीत नाही. सांगू नकोस. त्यांना कोडं आवडतं. सुटलं तर वाढदिवसाला काय करतील?"

पुतण्या ठरल्या दिवशी आला. मी त्याला आधी माझी नवी पावलं ऐकवली. त्याने मान डोलावली, झाकण उघडलं, लावलं. "छान. स्वच्छ." मग जुनी ऐकवली, साफ करून.

"हीच ठेवू या," मी म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, चूक आहे?"

"तेव्हा पूर्ण ऐकलं नव्हतं. हा माणूस कुणाला तरी घेऊन चाललाय."

"कुणाला? पाठीवर तर कुणी नाही."

"पाठीवर आहे असं कोण म्हणालं?"

तो पडद्याकडे बघत राहिला. मी बाबांचं सगळं भाषण, काचेच्या बागेपासून दुसऱ्या यानापर्यंत, त्याच्यापुढे मांडलं. आयुष्यभर ज्याची टिंगल केली ते माझ्याच तोंडून असं घडाघडा बाहेर पडत होतं की बाबा तिथे असते तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता. पुतण्याला सगळं पटलं असं नाही. पण तो दोन्ही पुन्हा ऐकतो म्हणाला. नवी पावलं चालू असताना त्याने फोन काढून बघितला. जुनी चालू असताना त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही.

"नव्यात कंटाळा येतो," तो शेवटी म्हणाला. "हा नुसताच चालतोय असं वाटतं."

"आणि पावलं बदललीत तर भांडणार कशावर? भांडायलाच तर लोक येणार आहेत."

हे त्याला सगळ्यात जास्त पटलं. आईबद्दल मी त्याला चकार शब्द सांगितला नाही. फक्त एक केलं. गुणगुण काढल्यावर तो तळहाताचा आवाज जेमतेम ऐकू येत होता, तो अगदी किंचित वर आणला. यात माझी लबाडी आहे आणि मला तिची लाज वाटत नाही. सिनेमा लागल्यापासून 'हातवाले' म्हणून चौथा पंथ निघालाय, तो भाग वेगळा.

पहिल्या आठवड्यातल्या एका दुपारच्या खेळाला मी आईबाबांना घेऊन गेले. आई येणार नाही असं मला वाटलं होतं. ती चांगली साडी नेसून बाबांच्या आधी तयार होती. चित्रपटगृहात स्वयंपाकघर नसतं, हे मी तिला सांगणार होते, पण गप्प बसले.

पहिला भाग झाला. यान तळाला लागलं, दार सरकलं आणि बोगदा सुरू झाला. मोठ्या पडद्यावर आणि मोठ्या आवाजात ती पावलं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. खुर्चीच्या हातात ती जाणवत होती. आई मध्ये बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून, नजर पडद्यावर नाही, खाली. बाबा पलीकडे होते. त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला होता आणि त्यांचं एक बोट गुडघ्यावर पडत होतं.

आधी मला वाटलं, ते ठेका धरतायत. मग लक्षात आलं की बोट पावलाच्या मागून पडत नाहीये. ते पावलाबरोबर पडतंय. वळणावर पाऊल थांबतं, तिथे बोटही थांबलं, वर उचललेलंच राहिलं, आणि मग पावलाबरोबर खाली आलं. सिनेमा कितीही वेळा बघितला तरी असं जमत नाही. आयुष्यभर हेच काम करणाऱ्या माणसाला जमतं, किंवा ज्याला ती पावलं पाठ आहेत त्याला. आईनेही ते बोट बघितलं होतं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"घरात तशीच चालत होतीस की," ते म्हणाले.

जगातल्या सगळ्यांची पावलं ओळखणारी बाई, तिची पावलं घरात कुणी ओळखत असेल हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि बाबांचा तो हात हातात घेतला. बोट तिच्या तळव्यावर पडत राहिलं.

बोगदा संपला. इथे घरी बाबा उठतात आणि बोलायला लागतात, आणि शेवटचा भाग निघून जाईपर्यंत थांबत नाहीत. मला दर वाढदिवसाला वाटायचं, आम्हाला सिनेमा कळावा म्हणून ते बोलतात. ती जिन्यावरची पावलं कुणाला ऐकू येऊ नयेत म्हणून ते बोलत होते. इथे बोलायची सोय नव्हती. कप्तान जिन्यापाशी आला. पहिल्या पायरीवर पाऊल पडलं, हलकं, मोकळं, आत काहीच नसल्यासारखं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, ते उठून जाणार.

ते गेले नाहीत. आईकडे वाकून त्यांनी आपला नेहमीचाच प्रश्न विचारला, पण भाषणाच्या आवाजात नाही.

"आता तू सांग. कुठे ठेवलं?"

इतक्या वर्षांत आईने 'परतफेरी'बद्दल एकही तर्क केलेला नाही. ती दोनतीन पावलं ऐकत राहिली.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "बरोबरच आहे. सवय झाली की ऐकू येत नाही."

पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळला आणि म्हणाला की आम्हाला शेवट ऐकायचाय, बोलायचं असेल तर बाहेर जा. बाबा त्याला "माफ करा" म्हणाले. मग आम्ही तिघं गप्प बसलो आणि शेवटचा भाग पहिल्यांदा नीट ऐकला.